फोंटाने कुठून वाचायला घ्यावा, आणि त्याच्या कादंबऱ्यांत ‘काही घडतच नाही’ असे का वाटते?

प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मन बी-२ पातळीपर्यंत (म्हणजे बऱ्यापैकी वरच्या पायरीपर्यंत) शिकून झाले, हौसेने थेओडोर फोंटानेची ‘एफी ब्रीस्ट’ ही कादंबरी हातात घेतली आणि शंभरेक पानांत कंटाळा आला. सगळे नुसते बोलत बसतात, घडत काहीच नाही. मग त्याला जर्मन वास्तववादातला सर्वांत मोठा कादंबरीकार का म्हणतात? हा माणूस होता कोण? आणि वाचायचाच तर कोणत्या क्रमाने?

पुण्यात मी बरीच वर्षे जर्मन शिकवले आणि फोंटाने वरच्या वर्गांबरोबर ओळीओळीने वाचला. ही तक्रार प्रत्येक तुकडीकडून यायची, आणि ती रास्त आहे. गंमत अशी की ‘एफी ब्रीस्ट’मध्ये विवाहबाह्य संबंध आहे, द्वंद्वयुद्ध आहे, घटस्फोट आहे, आईपासून तोडलेले मूल आहे, अकाली मृत्यू आहे. दुसऱ्या कुणी यातून पानोपानी हुंदके काढले असते. फोंटाने मात्र या सगळ्या गोष्टी पडद्याआड ढकलतो आणि त्यांच्या आधी नि नंतर माणसे एकमेकांशी काय बोलली तेवढे आपल्याला ऐकवतो. घटना शोधत वाचलात तर हाती काही लागणार नाही. बोलणे ऐकत वाचलात तर पुस्तक खाली ठेववत नाही. हे त्याला कसे जमले, याचे उत्तर त्याच्या वेड्यावाकड्या आयुष्यात आहे, म्हणून आधी ते सांगतो.

जन्म ३० डिसेंबर १८१९, बर्लिनच्या वायव्येला नॉयरुपीन गावी. घराणे ह्युगनो, म्हणजे धर्मछळामुळे फ्रान्स सोडून प्रशियात येऊन राहिलेल्या प्रॉटेस्टंटांचे. वडील लुई आन्री औषधविक्रेते. दिलदार, गप्पिष्ट आणि जुगारी. जुगाराच्या देण्यापायी नॉयरुपीनचे दुकान विकावे लागले आणि १८२७ मध्ये बिऱ्हाड बाल्टिक समुद्राकाठच्या स्विनेम्युंडे बंदरात गेले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे. पोराच्या शाळेचे सगळे अर्धवटच राहिले. वडील घरी इतिहास शिकवायचे, तोही नेपोलियनच्या सेनापतींच्या किश्शांतून. कोण कुठे काय बोलला, हे बापलेक चक्क वठवून दाखवत. पुढे म्हातारपणी ‘माइने किंडरयारे’ या बालपणीच्या आठवणींत फोंटाने लिहितो की सगळ्या मास्तरांनी मिळून दिले त्यापेक्षा जास्त मला या किश्शांनी दिले. हे वाक्य मी गांभीर्याने घेतो. लढाईपेक्षा लढाईच्या वेळचे बोलणे लक्षात ठेवायची सवय तिथली आहे.

सोळाव्या वर्षी, १८३६ मध्ये, तो बर्लिनमध्ये एका औषधालयात उमेदवारीला लागला. पुढची तेरा वर्षे लायप्झिग, ड्रेस्डेन, पुन्हा बर्लिन असे करत तो औषधे कुटत आणि पुड्या बांधत राहिला. परीक्षा दिली, परवाना मिळाला, पण स्वतःचे दुकान घालायला भांडवल नव्हते. संध्याकाळी ‘टुनेल युबर डेर श्प्रे’ नावाच्या साहित्यमंडळात कविता वाचायचा. तिथे लष्करी अधिकारी, सरकारी नोकर, चित्रकार असे लोक टोपणनावे घेऊन बसत. याचे टोपणनाव ‘लाफोंतेन’. म्हणजे लोकशाहीवादी औषधवाला आणि जमीनदारी घराण्यांतले अधिकारी एका बाकावर! दोन्हीकडची बोलीभाषा त्याच्या कानात बसली ती इथे.

मार्च १८४८ च्या क्रांतीत तो बर्लिनच्या रस्त्यावर उतरला होता. त्याची हकीगत त्याने नंतर स्वतःची थट्टा करत सांगितली आहे. धोक्याची घंटा वाजवायला चर्चकडे धावला तर दाराला कुलूप, आणि नाटकमंडळीच्या भांडारातून मिळालेल्या बंदुकीत दारूच जास्त ठासली. १८४९ मध्ये औषधांचा धंदा सोडला, १८५० मध्ये एमिलीशी लग्न केले, आणि घर चालवायला ज्यांच्याविरुद्ध बंदूक उचलली त्याच सरकारच्या वृत्तकचेरीत नोकरी धरली. मित्र लेपेलला त्याने १८५१ मध्ये कळवले की आज मी महिना तीस चांदीच्या नाण्यांना प्रतिगाम्यांना विकला गेलो. तीस नाणी म्हणजे येशूला पकडून देणाऱ्या जुडासची किंमत. स्वतःला फसवायची सवय या माणसाला नव्हती.

नंतर लंडन. १८५५ ते १८५९ तो प्रशियन सरकारचा वार्ताहर म्हणून तिथे राहिला. परत आल्यावर दहा वर्षे ‘क्रॉइत्सत्साइटुंग’ या कट्टर परंपरावादी वृत्तपत्रात इंग्लंडचे पान सांभाळले. यातली मजा त्याने स्वतःच फोडली आहे: ‘आमच्या लंडनच्या वार्ताहराकडून’ म्हणून छापलेली पत्रे तो बर्लिनमध्ये टेबलाशी बसून, इंग्रजी वर्तमानपत्रे समोर ठेवून लिहायचा. आज याला आपण काय म्हणू ते सोडा. पण न पाहिलेला प्रसंग पाहिल्यासारखा, आणि तोही बरोबर सुरात, लिहायची तालीम कादंबरीकाराला यापेक्षा चांगली मिळणार नाही.

लंडनच्या मुक्कामातच, १८५८ मध्ये, तो लेपेलबरोबर स्कॉटलंडला गेला. लॉख लेव्हन सरोवरात नावेत बसलेला असताना बेटावरचा पडका किल्ला पाहून त्याला अचानक आपल्याकडचा राइन्सबर्गचा वाडा आठवला, आणि वाटले की आपला मुलूख काही कमी नाही. यातून ‘मार्क ब्रांडेनबुर्गमधील भटकंती’ (मार्क ब्रांडेनबुर्ग म्हणजे बर्लिनभोवतीचा मुलूख) उभी राहिली. पहिले पुस्तक १८६२ चे, पुढची येत राहिली ती १८८९ पर्यंत. गावोगावची चर्चे, थडगी, वाडे, जमीनदारांची वंशावळ, सरोवरांच्या दंतकथा. बर्लिनच्या आसपास सहलीला जाणारे लोक आजही ही पुस्तके बरोबर नेतात. नवीन वाचकाने मात्र ती सलग वाचायला घेऊ नयेत, दमछाक होते.

१८६४, १८६६ आणि १८७०-७१ या प्रशियाच्या तिन्ही युद्धांवर त्याने जाडजूड ग्रंथ लिहिले. आयुष्यातली ऐन बारा वर्षे त्यात गेली आणि पदरात फारसे काही पडले नाही. पण त्यातला एक प्रसंग सांगायलाच हवा. ऑक्टोबर १८७० मध्ये, युद्ध चालू असताना, हा गृहस्थ रणभूमी पाहायला फ्रान्समध्ये गेला आणि वाट वाकडी करून जोन ऑफ आर्कचे जन्मगाव दोंरेमी बघायला पोहोचला. तिचा पुतळा धातूचा आहे की कशाचा हे पाहायला छडीने ठोकत होता, तेवढ्यात गावकऱ्यांनी घेरले. जवळ पिस्तूल, दंडावर रेड क्रॉसची पट्टी. हेर म्हणून अटक. बरेच आठवडे कैदेत, शेवटी अटलांटिकमधल्या ओलेरों बेटावर. बिस्मार्कपर्यंत शब्द गेला तेव्हा सुटका झाली. लगेच त्याने कैदेवर पुस्तक लिहिले, आणि त्यात फ्रेंचांबद्दल राग जवळजवळ नाही. पहारेकऱ्यांशी झालेल्या गप्पा आहेत!

१८७६ मध्ये प्रशियन कला अकादमीचे कायम सचिवपद मिळाले. पगार, मान, निवृत्तिवेतन, सगळे. काही महिन्यांतच त्याने राजीनामा दिला. एमिली भयंकर संतापली, आणि तिचे चुकले असे मला वाटत नाही. सात बाळंतपणे, त्यातली तीन बाळे गेलेली, आयुष्यभर पैशांची ओढाताण, आणि नवरा छप्पन्नाव्या वर्षी म्हणतो की मला आता कादंबरी लिहायची आहे. तिनेच पुढे त्याच्या कादंबऱ्यांच्या पक्क्या प्रती हाताने उतरवून काढल्या. त्याची हस्तलिखिते ज्यांनी पाहिली असतील त्यांना हे काम काय होते ते कळेल: खाडाखोड, चिकटवलेले कपटे, समासात रंगीत पेन्सिलीचे शेरे.

पहिली कादंबरी ‘फोर डेम श्टुर्म’ १८७८ मध्ये आली. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता. तिथून १८९८ पर्यंतच्या वीस वर्षांत डझनाहून जास्त कादंबऱ्या आणि दीर्घकथा. लोक याला ‘उशिरा फुललेली प्रतिभा’ म्हणतात, मला ते पटत नाही. किस्से, पुड्या, बंदूक, वृत्तकचेरी, खोटी वार्तापत्रे, तुरुंग, शिवाय १८७० पासून जवळपास वीस वर्षे ‘फोसिशे त्साइटुंग’ या बर्लिनच्या वृत्तपत्रासाठी शाही नाट्यगृहातल्या २३ क्रमांकाच्या खुर्चीत बसून केलेली नाट्यसमीक्षा, असे सगळे साठलेले होते. ते पंचविशीत लिहिताच आले नसते.

आता त्याची रीत. ती सर्वांत स्वच्छ दिसते एका छोट्या कथाकाव्यात, आणि त्याचा आपल्याशी संबंधही आहे. ‘अफगाणिस्तानची शोकांतिका’ ही कविता १८५० च्या दशकाच्या अखेरीची. विषय जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना कापल्या गेलेल्या ब्रिटिश फौजेचा. कवितेत कत्तल दिसतच नाही. दिसतो जलालाबादचा किल्ला, बर्फ, आणि घोड्यावरून एकटाच पोहोचलेला एक माणूस. मग सर रॉबर्ट सेल हुकूम देतो: गाणी म्हणा, शिंगे फुंका, अंधारात वाट चुकलेल्यांना ऐकू जाऊ दे. शिपाई रात्रंदिवस घरची गाणी गात राहतात. ज्यांनी ऐकायचे ते ऐकायला उरलेलेच नसतात. तेरा हजार निघाले होते, एक परतला, एवढ्यावर कविता संपते. (त्या हजारोंत बहुतेक कंपनी सरकारचे हिंदी शिपाई आणि बाजारबुणगे होते. कवितेत त्यांचा पत्ता नाही. लंडनमध्ये बसलेल्या जर्मनाला जे दिसले ते त्याने लिहिले.) मुख्य घटना गाळायची आणि तिच्या कडेला उभे राहायचे, हेच तंत्र पुढे कादंबरीत आले.

‘एफी ब्रीस्ट’ ही ‘डॉइचे रुंडशाउ’ मासिकात ऑक्टोबर १८९४ पासून क्रमशः आली, पुस्तक १८९५ मध्ये. त्याचे पहिले खरेखुरे यश हेच. मूळ प्रकरण खरे होते. एलिझाबेथ फोन प्लोथो हिचे लग्न आर्डेने नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी झाले होते. न्यायाधीश हार्टविखशी तिचे प्रेम जुळले, नवऱ्याला पत्रे सापडली, नोव्हेंबर १८८६ मध्ये द्वंद्व झाले, हार्टविख गेला, घटस्फोट झाला, मुले नवऱ्याकडे राहिली. ‘फोसिशे’च्या मालकाच्या पत्नीने ही हकीगत फोंटानेला सांगितली. त्याने त्यात काय बदलले ते पाहा. खऱ्या जोडप्यात पाचच वर्षांचे अंतर होते. कादंबरीत एफी सतरा वर्षांची आणि बॅरन इनस्टेटेन अडतीसचा, शिवाय एके काळी तिच्या आईला मागणी घातलेला. खरी एलिझाबेथ पुढे रुग्णसेविका झाली आणि १९५२ मध्ये, अठ्ठ्याण्णव वर्षांची होऊन गेली. एफीला मात्र त्याने तिशीच्या आत मारले. या शेवटच्या बदलावर मी अनेकदा विद्यार्थिनींची बोलणी खाल्ली आहेत, आणि माझ्याकडे पूर्ण समाधानकारक उत्तर नाही. तत्कालीन वाचकाला जिवंत, कमावती, म्हातारी होणारी एफी पचली नसती, एवढेच म्हणता येते.

तुम्ही जिथे थांबलात तिथून पुढे जाताना तीन जागा डोळ्यांत तेल घालून वाचा. पहिली म्हणजे प्रेमप्रकरण. हिवाळ्यात घसरगाडीतून परतताना मेजर क्रांपास, म्हणजे तिचा होणारा प्रियकर, एफीजवळ बसतो, तिचे नाव घेतो, त्याचा आवाज कापतो. बस. पुढच्या प्रकरणांत एफी समुद्राकाठी ‘फिरायला’ जाऊ लागते, कधी पाऊस लागतो, कधी मोलकरणीशी चुकामूक होते. लेखक एका शब्दाने सांगत नाही. बेसावध वाचकाला जे झाले ते साडेसहा वर्षांनी, इनस्टेटेनबरोबरच कळते. लेकीच्या कपाळाला लागते, पट्टीसाठी शिवणाच्या टेबलाचे कुलूप फोडले जाते आणि लाल रेशमी दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा बाहेर पडतो.

दुसरी जागा सत्ताविसावे प्रकरण. इनस्टेटेन सहकारी व्युलर्सडोर्फला बोलावतो. त्याच्या मनात द्वेष नाही, बायकोवर अजून प्रेम आहे, एवढ्या वर्षांनी प्रकरण शिळे झाले हेही त्याला कळते. मग लढायचे कशाला? तो म्हणतो, माणूस एकटा नसतो, समाज नावाचे काहीतरी आपल्यावर हुकूम चालवते. आणि पुढचा युक्तिवाद भयंकर आहे: मी तुला सांगितले त्या क्षणी मला साक्षीदार झाला, आता मागे फिरता येत नाही. म्हणजे मदतीला मित्र बोलावला आणि त्या बोलावण्यानेच दोर कापले गेले. व्युलर्सडोर्फ आधी विरोध करतो, मग हळूहळू मान डोलावतो. जर्मन गद्यात यापेक्षा थरारक संभाषण मी वाचलेले नाही. त्यानंतरचे द्वंद्व? गोळ्या सुटल्या, क्रांपास पडला. इतकेच! क्रांपासच्या बाजूने जो साक्षीदार उभा असतो त्याचे आडनाव बुडेनब्रोक, हे जाता जाता. ‘बुडेनब्रोक्स’ ही कादंबरी लिहिणाऱ्या थोमास मानच्या वाचकांनी इथे जरा थांबावे.

तिसरी जागा लेकीची भेट. काही वर्षांनी एफीला अ‍ॅनीला भेटायची परवानगी मिळते. मूल शिकवून पाठवलेले आहे. आई विचारते, पुन्हा येशील? मुलगी म्हणते, हो तर, मला परवानगी असली तर. आणखी काही विचारले तरी तेच उत्तर. दोन पाने, ओरडाआरडा नाही, आणि वर्गात कुणीच मान वर करून पाहायचे नाही. एफीचा संताप फुटतो तो मुलगी गेल्यावर.

आणखी एक धागा. पहिल्याच भागात, मागणी ठरत असताना, मैत्रिणी बागेतून खिडकीशी येऊन हाक मारतात: एफी, ये. मूळ हकीगतीतली हीच हाक ऐकून आपल्याला कादंबरी सुचली, असे फोंटानेने पत्रात लिहिले आहे. खूप पुढे, आईवडिलांनी दार बंद केल्यावर आणि एफी खचत चालल्यावर, डॉक्टर त्यांना पत्र लिहितात. म्हातारा ब्रीस्ट तारेने दोनच शब्द पाठवतो. ते कोणते, हे तुम्हाला आता कळले असेल.

‘इरुंगेन, विरुंगेन’ या त्याच्या आणखी एका कादंबरीबद्दल थोडे. १८८७ मध्ये ती ‘फोसिशे’त छापली जाऊ लागली तेव्हा वर्गणीदार भडकले. ही वेश्येची गोष्ट एकदाची संपणार कधी, असे वृत्तपत्राच्या मालकांपैकीच कुणी विचारल्याचे सांगतात. गोष्ट आहे बोटो या सरदारपुत्राची आणि लेने या शिवण-इस्त्रीवर पोट भरणाऱ्या मुलीची. त्यांचे प्रेम खरे आहे, आणि ते टिकणार नाही हे लेनेला पहिल्यापासून माहीत आहे. तो श्रीमंत चुलतबहिणीशी लग्न करतो, ती एका सज्जन कारागिराशी. विष नाही, नदीत उडी नाही. राग आला तो याचाच: गरीब मुलगी लग्नाआधी प्रेम करते आणि लेखक तिला शिक्षा देत नाही, उलट सगळ्या कादंबरीत शहाणी तीच दिसते.

वास्तववाद म्हणजे काय, याबद्दल त्याने १८५३ मध्येच एका निबंधात लिहून ठेवले होते. उपाशी पोरांच्या गराड्यात मरणारा मजूर दाखवला म्हणजे वास्तववाद झाला, हे त्याला मान्य नव्हते. आयुष्यात हात घालून माल उचलावा, पण तो घडवल्याशिवाय कला होत नाही, हे त्याचे म्हणणे. तरी १८८९ मध्ये गेरहार्ट हाउप्टमान या तरुणाचे उघडेवाघडे नाटक रंगमंचावर आले, प्रेक्षकांत गोंधळ उडाला, तेव्हा सत्तरीला टेकलेला हा समीक्षक त्याच्या बाजूने उभा राहिला.

त्याचे देव्हाऱ्यात बसवण्याजोगे चित्र मी काढणार नाही. प्रशियन सरदारांवर प्रेम करत करत तो त्यांच्यावरच सर्वांत बोचरे लिहीत गेला. १८९६ च्या एका पत्रात तो म्हणतो की नवे, चांगले जग आता श्रमिक वर्गापासूनच सुरू होईल. त्याच काळातल्या खाजगी पत्रांत ज्यूंविषयी मात्र अशी वाक्ये आहेत की वाचून तोंड कडू होते. आणि त्याच्या उतारवयातल्या उत्तम पत्रांपैकी कितीतरी गेओर्ग फ्रीडलेंडर या ज्यू घराण्यातल्या न्यायाधीशाला लिहिलेली! पंच्याहत्तरीला सरदार आले नाहीत, ज्यू चाहते आले, यावर त्याने कविताही केली. ही विसंगती जर्मन अभ्यासक आता उघडपणे मांडतात, आणि ते योग्यच आहे.

१८९२ मध्ये तो खूप आजारी पडला, ‘एफी ब्रीस्ट’ अर्धी टाकली. घरच्या डॉक्टरांनी सुचवले, कादंबरी जमत नसेल तर लहानपण लिहा. ‘माइने किंडरयारे’ लिहिता लिहिता तो बरा झाला आणि परत एफीकडे वळला. २० सप्टेंबर १८९८ ला बर्लिनमधल्या पोट्सडामर रस्त्यावरच्या घरी तो गेला.

आता क्रम. ‘एफी’ तूर्त बाजूला ठेवा. आधी दोन कविता: ‘हेर फोन रिबेक’, म्हणजे मेल्यावरही गावातल्या पोरांना नासपती देणारा जमीनदार, आणि ताय नदीवरच्या पूल-अपघाताची ‘डी ब्र्युक आम ताय’. मग ‘उंटर्म बिर्नबाउम’, खेड्यातल्या खुनाची छोटी कादंबरी. यात तरी काही घडते! त्यानंतर ‘इरुंगेन, विरुंगेन’. त्यात फ्राउ ड्योर अस्सल बर्लिनी बोलते, व्याकरणाची ऐशीतैशी करत. कोशात शोधू नका, मोठ्याने वाचा, कळते. मग ‘एफी’ पुन्हा पहिल्या पानापासून. विनोद हवा असेल तर ‘फ्राउ येनी ट्रायबेल’, नवश्रीमंत कारखानदारणीची.

‘डेर श्टेखलीन’ सर्वांत शेवटी. तिच्याबद्दल त्याने स्वतःच लिहिले आहे की शेवटी एक म्हातारा मरतो आणि दोन तरुणांचे लग्न होते, पाचशे पानांत जवळजवळ एवढेच. ही माझी सर्वांत आवडती, पण पहिल्यांदा फोंटाने वाचणाऱ्याला मी ती कधीच देत नाही. सगळ्यांचे मूळ पाठ आंतरजालावर फुकट मिळतात, कॉपीराइट केव्हाच संपला. तरी शक्य असेल तर तळटिपा असलेली शालेय आवृत्ती घ्या. त्या काळचे हुद्दे, पलटणी आणि बर्लिनचे रस्ते कळले नाहीत तर कोण कुणाला टोमणा मारतोय हेच कळत नाही.